मोरणीची पाठ

भिका, तू गेल्यापासून लोकांची जीभ फारच गोड झाली आहे. अमरावतीच्या कापूसबाजारात ज्यांनी तुझ्या नावानं बोटं मोडली तेच आता सांगत फिरतात, असा खोगीर शिवणारा पुन्हा होणे नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मी तुझा चुलतभाऊ आहे, एका आजोबांच्या हाताखाली एकाच ओसरीवर आपण दोघं आरी धरायला शिकलो, आणि तुझ्याशी भांडायचा माझा हक्क तुझ्या चितेत जळालेला नाही. तुझी तेरवी उरकून परवा अकोल्याला परत आलो. पंतोजींनी आपल्याला अक्षरं शिकवली ती गिऱ्हाइकाचं नाव लिहिण्यापुरती. आज ती तुझ्यासाठी खर्च करतो आहे, आणि त्याचाही मला राग येतो आहे.

आधी चांगलं ते सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढं ते आड येणार नाही. तुझ्या तोंडात समोरचे दोन दात नव्हते, ते माझ्यापायी गेले. आपण लहान होतो, मी त्या काबुली घोड्याच्या मागून गेलो, त्यानं लाथ उचलली आणि तू मला ढकलून दिलंस. लाथ तुझ्या जबड्यावर बसली. तेव्हापासून तू बोललास की शब्दाबरोबर थोडी शिट्टी वाजायची आणि घरातल्या बायका हसायच्या. तू कधी म्हणाला नाहीस की हे नथ्थूमुळं झालं. दुसरं, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. आबाजी, म्हणजे आपले आजोबा, माझं काम बघून नुसती मान हलवायचे. तुझं काम बघून ते त्याच्यावर हात फिरवत बसायचे. झालं. एवढं चांगलं पुरे.

आबाजींनी आपल्याला काय शिकवलं होतं, ते तुला आठवत असेल. लाकडी सांगाड्याच्या जिनात सांगाडा कण्यावर कमान धरून उभा राहतो, बसणाऱ्याचं ओझं दोन्ही बाजूंच्या मांसावर जातं. आपलं खोगीर म्हणजे दाबलेल्या लोकरीचा नमदा, आत लोकर नाहीतर कापूस, आणि वर कापड. त्यात लाकूड नाही की लोखंड नाही. लोकांना वाटतं, मऊ आहे, कुठल्याही पाठीवर टाका, आपोआप बसेल. आबाजी म्हणायचे, मऊ आहे म्हणूनच ते घोड्याच्या पाठीइतकंच शहाणं असतं, त्याला स्वतःची अक्कल नाही, ती शिवणाऱ्यानं घालायची. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन लांबट गाद्या आणि मधे कण्यासाठी मोकळी पन्हाळ. ती पन्हाळ किती रुंद, गाद्या किती जाड, हे प्रत्येक घोड्यागणिक वेगळं.

म्हणून ते घोडा आधी उघड्या पाठीनं उभा करायचे आणि आपल्याला त्याच्यामागं उभं करायचे, लाथ लागणार नाही इतक्या लांब. काय दिसतं, सांगा. आपलं वऱ्हाडी तट्टू असेल तर पाठ परातीसारखी पसरट, कणा मांसात बुडालेला. त्याच्यावर खोगीर पोटाकडं घसरतं, म्हणून गाद्या पातळ आणि रुंद, छातीला पट्टा, शेपटीखालून दुमची. भीमथडीकडचा घोडा असेल तर मानेच्या मुळाशी उंचवटा आणि मागं धारेसारखा कणा. त्याला पुढून जाड गादी आणि हात जाईल एवढी पन्हाळ. म्हातारा घोडा मधे खचलेला, त्याला मधे भर. गाभण घोडीची पाठ महिन्या-दोन महिन्यांनी बदलते, तिचं पुन्हा उसवायचं. आणि शेवटची परीक्षा घामाची. घोडा कोसभर पळवून आणायचा, खोगीर उतरवायचं आणि पाठ बघायची. सगळीकडं सारखा घाम असेल तर ठीक. मधेच वीतभर कोरडा डाग असेल तर तिथं दाब पडला आहे, इतका की घामालाही वाट मिळाली नाही. आज कोरडं, उद्या सुजलेलं, परवा फुटलेलं. हे सगळं आपण दोघांनी एकाच वेळी ऐकलं. तू झोपला नव्हतास.

मग विलायतेपलीकडं कुठंतरी लढाई लागली आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याची कळा आली. अमरावतीत मुंबईचे दलाल उतरले, त्यांचे मुनीम, मुनिमांचे कारकून. सगळ्यांना गावोगाव फिरून कापूस धरायचा होता आणि त्यासाठी घोडा हवा होता, आजच्या आज. घोडे मिळतील तिथून आले, काठेवाडचे, माळव्याचे, कुणाच्या वरातीतले. तू अकोला सोडलंस आणि कापूसबाजाराच्या तोंडाशी दुकान थाटलंस. मला म्हणालास, तू पण चल. मी नाही आलो.

त्या हंगामात लोकांनी निजायच्या गाद्या उसवून कापूस विकला. बायका उशा फोडत होत्या. तू जुनी खोगिरं गोळा केलीस, त्यांच्या पोटातला कापूस काढलास, आणि त्या जागी तुरीचं कुटार भरलंस. जे आपण बैलापुढं टाकतो ते. वरून तुझी ती सुरेख टीप घातलीस, आपल्या घराची, काठाला गोमेसारखी चालणारी. ती टीप बघून लोक म्हणायचे, हे अकोल्याच्या म्हाताऱ्याच्या घरचं खोगीर. सगळी एका मापाची, दारात एकावर एक रचलेली. खोगीरभरती म्हणतात ती तू शब्दशः करून दाखवलीस.

मी एकदा तुझ्या दुकानी आलो होतो. एक गिऱ्हाईक काठेवाडी घोडा घेऊन परत आलं होतं, तक्रार घेऊन. तू घोड्याची पाठ उघडी केलीस. मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग, बाकी पाठ घामानं निथळत होती. मला वाटलं, आता तू मान खाली घालशील. तू त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "पाहा शेटजी, सारा घोडा घामेजला, पन आमचं खोगीर जिथं टेकलं तिथं थेंब नाई. येवढा आराम हाय त्याले." तो माणूस खूश होऊन गेला. मी तुला मागच्या खोलीत ओढून नेलं.

"कोरडा डाग आरामाचा असते का रे?"

"मंग कशाचा असते?"

"आबाजीनं काय सांगतलं होतं?"

"आबाजीनं तुले सांगतलं असंन. मी तं उनाड होतो, माह्या काय ध्यानात राह्यते?" असं म्हणून तू हसलास, शिट्टी वाजली, आणि मला पानसुपारी पुढं केलीस.

तेव्हाच मी उठून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण तू खरंच उनाड होतास लहानपणी, आणि मला ते खरं वाटलं.

आता मोरणीचं, माझ्या घोडीचं. ते तुला सांगायची गरज नाही, पण मला आहे. तिची आई ती जन्मली त्याच आठवड्यात मेली. माझ्या बायकोनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं, फडकं बुडवून, बोटावर धरून. आमच्या घरात मूल झालं नाही हे तुला ठाऊक आहे. लोक हसायचे, नथ्थूच्या बायकोनं शिंगराला पाळण्यात घातलं म्हणून. अकोल्याच्या नदीवरून तिचं नाव ठेवलं. मोठी झाली तेव्हा पाहणारे थांबून पाहायचे, अशी चाल होती. पण पाठ अवघड. घराच्या आढ्यासारखी, मधे कणा वर आणि दोन्ही अंगं उतरती. तिच्या खोगिरावर मी एक अख्खा पावसाळा घालवला. चार वेळा शिवलं, चार वेळा उसवलं. पाचव्यांदा तिच्या पाठीवर कुठंही कोरडं राहिलं नाही.

तू ती हंगामापुरती मागितलीस. लोकांनी बघून दोन शब्द बोलावेत असं घोडं जवळ नाही म्हणालास, मोठ्या लोकांत वावरावं लागतं म्हणालास. बायको नको म्हणत होती. मी म्हटलं, भिका आहे, कुणी परका नाही. मोरणी दिली ती तिच्या खोगिरासकट दिली. तिला न्यायला आलेल्या तुझ्या मोतद्दाराला बजावून सांगितलं, दुसरं काही घालायचं नाही.

फाल्गुनात ती परत आली. त्याच मोतद्दारानं दोरीला धरून आणली, चालता येत नव्हतं म्हणून. पाठीवर पोतं टाकलं होतं. पोतं उचललं तर ते कातड्यासकट उचललं गेलं. मानेच्या मुळाशी हाड दिसत होतं आणि त्यात अळ्या होत्या. सोबत तिचं खोगीर नव्हतं, तुझं बाजारचं होतं, ते त्यानं हातात आणलं होतं, काठाला आपल्या घराची टीप. तिचं खोगीर तू दुकानात खुंटीवर टांगलंस, गिऱ्हाइकांना दाखवायला, आमच्या घरचं काम बघा म्हणून. लोक तिचं खोगीर बघायचे आणि तुझं कुटार घेऊन जायचे.

कडुलिंबाचा पाला उकळला, हळद भरली, चुना, तंबाखूचं पाणी, कुणी सांगितलं ते सगळं केलं. बायको तिच्या डोक्याशी बसून असायची, माश्या हाकत. चैत्राच्या उन्हात ती मेली. माझी बायको त्यानंतर चार दिवस चुलीजवळ गेली नाही.

तू आलास. बातमी कळली तशी आलास, हे मी नाकारत नाही. अंगणात उभा राहिलास, पागोटं हातात.

"घोडीच नाजूक होती, नथ्थू. लाकूड नाई त्या खोगिरात, खिळा नाई. मऊ गादीनं कोनाची पाठ फाटते का?"

"तिचं खोगीर काहून काढलं?"

"नवं बरं दिसते म्हनून टाकलं. मले काय मालूम असं होईन?"

"भिका, येवढंच सांग. तुले समजत होतं का नाई?"

"गळ्याची आन. मले नाई समजत बा ते पाठीचं. तुले समजते, आबाजीले समजत होतं. मी नुसता टाके घालनारा."

माझी बायको आतून म्हणाली, "याले जाऊ द्या इथून." तू गेलास. त्यानंतर आपण बोललो नाही.

पण एक गोष्ट तुला कळली पाहिजे, कारण तीच तू माझ्याकडून चोरलीस. मी तुझी ती शपथ धरून ठेवली. बायको म्हणायची, खोटं बोलला मेला. मी म्हणायचो, नाही, त्याला खरंच कळत नाही, त्याचं डोकं कधी शिकण्यात नव्हतं. अज्ञानानं मारलं आणि जाणून मारलं यात फरक आहे. पहिलं असेल तर तू माझा मूर्ख भाऊ, आणि मूर्ख भाऊ घरोघरी असतो. मला तू मूर्ख हवा होतास. तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव पडला, दलाल रातोरात पळाले, तुझ्या दारातला ढीग तसाच राहिला आणि उंदरांनी त्यातलं कुटार खाल्लं, हे ऐकूनही मला आनंद झाला नाही. बायकोला झाला.

मग वहिनींचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा तुझं बोलणं बंद झालं होतं. तू डोळे उघडून माझ्याकडं पाहिलंस आणि पाहत राहिलास. मला वाटलं, हा माफी मागतो आहे. आता वाटतं, नुसतं बघत होतास. तुला मुलगा नाही, म्हणून अग्नी मी दिला.

दहाव्याला नाल्याच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, एकही खाली येईना. तुझ्या सासऱ्यांनी हात जोडून सांगितलं, पोरींची लग्नं आम्ही करू. कावळा हलला नाही. मी सांगितलं, वहिनींचं आणि पोरींचं मी बघीन. नाही हलला. ऊन चढलं. लोक एकमेकांकडं पाहायला लागले, मग माझ्याकडं. मोरणीची गोष्ट साऱ्या वऱ्हाडाला माहीत होती. तुझे सासरे जवळ येऊन हळूच म्हणाले, "नथ्थू, तुह्यापाशीच अडकला हाय तो. सोड बा त्याले."

 मग मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भिका, तुले समजत नोतं. आता मोरणीचं माह्या मनात काई नाई." कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. खरं सांगतो, घरी परतताना मला हलकं वाटत होतं. तुझ्यासाठी रडायला मी मोकळा झालो असं वाटलं, आणि तेरवीपर्यंत रडलोही.

तेरवीला पंगत बसली होती. सगुणावहिनी वाढायला नव्हत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि लोक त्यांना बरं वाटावं म्हणून तुझ्या हाताचं, तुझ्या नजरेचं कौतुक करत होते. त्यांनाही चार शब्द बोलावेसे वाटले.

"नजर कशी होती सांगू का भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "तुमची ती घोडी आनली न, अजून दारातच उभी होती. हे लांबूनच मले म्हने, सगुणे, हिची पाठ आढ्यावानी हाय. आपलं बाजारचं खोगीर हिच्यावर टाकलं तं महिन्यात कना उघडा पडंन. आन् पाहा, तसंच झालं. येका नजरेत वळखलं त्याईनं."

पंगतीतले लोक म्हणाले, वा. माझ्या हातात पुरीचा घास होता.

"मंग टाकलं काहून, वहिनी?"

"मुनीम थांबले होते न. त्याईले ऐटदार घोडीवर नवं खोगीर पाहाचं होतं, मंग शंभर घेतो म्हनत होते. म्या म्हटलं, भाऊजी काय म्हनतीन? तं हे हसले. म्हने, नथ्थूचं सोड. मले नाई समजत म्हनलं का त्याले पटते."

त्या बिचारीनं हे कौतुक म्हणून सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी घास तोंडात घातला आणि गिळला, कारण तेरवीच्या पानावरून उठू नये.

हात धुऊन तुझ्या तट्टूकडं गेलो. वहिनी म्हणाल्या होत्या, त्याला खायला कोण घालणार, तुम्हीच न्या. त्याच्या पाठीवर केसांच्या उलट्या दिशेनं हात फिरवला. पाठ लागून बरी झाली की तिथं पांढरे केस येतात, हे आपल्या धंद्यातल्या पोरालाही कळतं. त्याच्या पाठीवर एक पांढरा केस नव्हता. तुझं खोगीर उचलून पाहिलं. पातळ रुंद गाद्या, आत लोकर, निव्वळ लोकर, दुमचीला आतून मऊ मलमल. आबाजींनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर. तुझ्या स्वतःच्या तट्टूसाठी तुला सगळं आठवत होतं.

त्याच्यावरच बसून अकोल्याला आलो. मूर्तिजापूरला धर्मशाळेपाशी उतरून खोगीर काढलं तर पाठ सगळीकडं सारखी ओली. मला इतकं चांगलं शिवता आलं नसतं. तिथं मला रडू आलं, आणि आलं म्हणून तुझा अधिकच राग आला.

घरी बायकोला सांगितलं. तिनं तट्टूला पाणी दाखवलं, त्याच्या मानेवर थोपटलं आणि आत गेली. तू खोटं बोलतोस हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला तुला मरावं लागलं.

तर आता ऐक. वहिनींना आणि पोरींना दिलेला शब्द मी पाळीन, त्यात तुझा काही संबंध नाही. तुझ्या दुकानात उरलेली खोगिरं मी तिथंच तुझ्या अंगणात आणून फोडली, उंदरांनी ठेवलेलं कुटार बैलांना घातलं, काठाची टीप कापून काढली. आणि नाल्यावर मोरणीचं जे सोडलं होतं ते परत घेतो. निघण्याआधी भटजींना विचारलं, असं घेता येतं का. ते म्हणाले, कावळा शिवला, आता तुमच्या हातात काय राहिलं. तुझं असंच चालत आलं, माणसाला कळण्याआधी माल दारातून गेलेला असायचा.

पण भाद्रपद दरवर्षी येतो. पितृपक्षात तुझ्या नावाचं पान ठेवायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मी ते ठेवीन. वडे असतील, खीर असेल, तुला आवडायची ती कढीही माझ्याच घरात होईल. मग कावळे समोर बसून राहतील आणि लोक माझ्या तोंडाकडं पाहतील, बोल म्हणतील. मी बोलणार नाही, भिका. उन्हात पानावरचं सगळं वाळून जाईपर्यंत तिथं उभा राहीन, पण बोलणार नाही.